नव्या बॅटरीचा पहिला दिवस

नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर

मोटारसायकल घेताना आपण काय काय पाहतो? ॲव्हरेज पाहतो, रंग पाहतो, सीटची उंची पाहतो. हप्ता किती बसतो ते तर पाहतोच पाहतो. बॅटरी मात्र कुणी पाहत नाही. ती बिचारी सीटखाली नाहीतर बाजूच्या झाकणाआड निमूट बसलेली असते. तिची आठवण येते ती एखाद्या पावसाळी सकाळी. दुधाचे कॅन बांधून झालेले असतात, डेअरीची वेळ टळत चाललेली असते, आणि बटण दाबलं की नुसतं ‘टिक-टिक’ होतं. गाडी ढकलत गॅरेज गाठायचं. मेकॅनिक म्हणतो, ‘दादा, बॅटरी गेली, नवी टाका.’ आपण घाईत. तो देईल ती बॅटरी घेतो, दहा मिनिटांत बसवून घेतो आणि निघतो. वर्ष-सव्वा वर्षात तीच बॅटरी पुन्हा ‘जाते’, आणि आपण कंपनीच्या नावानं बोटं मोडतो.

माझं म्हणणं असं, की यातल्या पुष्कळ बॅटऱ्या वर्षानं मरत नाहीत. त्या पहिल्या दिवशीच अर्ध्या मारलेल्या असतात. तो पहिला दिवस नीट कसा पार पाडायचा, हे आज आपण पाहू.

पूर्वी हे सगळं खपून जायचं. जुन्या कित्येक स्कूटर आणि मोटारसायकली मॅग्नेटोवर चालत. बॅटरी उतरली तर हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा, इंडिकेटर मंद व्हायचा, पण किक मारली की इंजिन सुरू. आता तसं राहिलेलं नाही. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’चे नियम आले आणि बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे पेट्रोल देणारा पंप विजेवर, ते किती द्यायचं हे ठरवणारा छोटा संगणकही विजेवर. कित्येक मॉडेलना तर किकच उरलेली नाही. अशा गाडीची बॅटरी पूर्ण उतरली, तर उतारावर ढकलूनही ती सुरू होईलच असं नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको.

ही बॅटरी म्हणजे असते तरी काय? १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाची पहिली पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. आपल्या गाडीतली बॅटरी तिचीच वंशज. १२ व्होल्टच्या डब्यात सहा खण असतात, प्रत्येक खण साधारण २.१ व्होल्टचा. खणात दोन जातींच्या पट्ट्या. एक मऊ शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साईडची. त्या सौम्य गंधकाम्लात, म्हणजे आपण ज्याला बॅटरीचं ॲसिड म्हणतो त्यात बुडालेल्या. आपण वीज वापरली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज केलं की हे सगळं उलट फिरतं. सल्फेट विरघळतं, ॲसिड पुन्हा कडक होतं.

एवढ्यात एकच गोष्ट लक्षात ठेवा. ताजं सल्फेट पिठीसाखरेसारखं असतं, सहज विरघळतं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की त्याचे खडे धरतात. खडीसाखर झाली म्हणा ना. हे खडे मग साध्या चार्जिंगनं विरघळत नाहीत. तेवढा पट्टीचा भाग कायमचा बाद. याला सल्फेशन म्हणतात. बॅटरी अर्धवट भरलेली ठेवणं म्हणजे हे खडे धरायला वेळ देणं.

आता दुकानात जाऊ. पण त्याआधी एक विनंती. बॅटरी ‘गेली’ हे गृहीत धरू नका. टर्मिनलचा स्क्रू ढिला असेल, त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तरीही सेल्फ नुसता टिकटिकतो. जुनी बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून घ्या, काही तास तशीच ठेवा आणि मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण. १२ वर आली म्हणजे जवळजवळ रिकामी. भरलेली दिसत असेल तर मीटर लावलेलाच ठेवून सेल्फ मारा. काटा साडेनऊ व्होल्टच्या बराच खाली कोसळला, तर बॅटरीत खरंच दम नाही. तसं नसेल तर दोष दुसरीकडे शोधा.

नवी घेताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. पहिली, व्होल्ट. आज बहुतेक सगळ्या गाड्या १२ व्होल्टच्या आहेत, पण हौसेनं जपलेल्या जुन्या गाड्यांत ६ व्होल्टच्याही सापडतात. दुसरी, क्षमता, म्हणजे ॲम्पिअर-अवर. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला अडीच ते पाच, दीडशेच्या पुढे आठ-नऊ, काही जड गाड्यांना चौदापर्यंत. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो. त्यापेक्षा लहान घेऊ नये. तिसरी, लांबी-रुंदी-उंची. चौथी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत. जुनी बॅटरी सोबत न्या आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पॉझिटिव्ह उलट्या बाजूला असेल तर वायर ओढूनताणून बसवावी लागते, आणि अशी ताणलेली वायर एक दिवस फ्रेमला घासते.

पुढे येतो प्रकार. एक पाणी घालायची जुनी पद्धतीची. स्वस्त, साधी, पण महिन्याला लक्ष मागणारी. दुसरी मेंटेनन्स-फ्री किंवा सीलबंद. तिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या बारीक चटईत शोषून घेतलेलं असतं. ती सांडत नाही, पाणी मागत नाही, कामाच्या माणसाला सोयीची. मात्र गाडी जुनी असेल आणि तिचा रेग्युलेटर बिघडून जास्त व्होल्ट देत असेल, तर सीलबंद बॅटरीतलं पाणी उडून जातं आणि ते परत घालायला वाट नसते. आधी रेग्युलेटर पाहा, मग सीलबंद घ्या. तिसरा प्रकार लिथियमचा. वजनाला अगदी हलकी, पण महाग, आणि तिला तिचाच चार्जर लागतो. गाडीच्या कंपनीनं सांगितलं नसेल तर रोजच्या गाडीला तिचा हट्ट नको.

दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा. ‘ही बॅटरी ॲसिड भरून आली आहे, की कोरडी?’ कोरड्या बॅटरीत पट्ट्या कारखान्यातच चार्ज करून, वाळवून, हवा जाणार नाही अशा बंद केलेल्या असतात. ती कोरड्या जागेत बराच काळ टिकते. भरून आलेली बॅटरी मात्र फळीवर बसल्या बसल्या थोडी थोडी उतरत असते, आणि आपल्या उन्हाळ्यात जास्तच वेगानं. म्हणून तिच्यावरचा तारखेचा शिक्का पाहा आणि समोर मीटर लावायला सांगा. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज केल्याशिवाय घेऊ नका. वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख, गाडीचा नंबर, दुकानाचा शिक्का तिथंच करून घ्या. नंतर करतो म्हटलेला शिक्का नंतर होत नाही.

बॅटरीच्या दुकानात हमखास ऐकू येणारा एक संवाद सांगतो. गिऱ्हाईक शाळेत शिकवणारे.

‘घ्या मास्तर, नवी कोरी आहे. ॲसिड घातलंय. बसवा अन् चालवा.’

‘अहो भाऊ, चार्ज नको का करायला?’

‘चालवता चालवता होतीय की. गाडी कशाला आहे?’

‘माझी शाळा तीन किलोमीटरवर. जाऊन-येऊन दोनदा सेल्फ मारायचा. ती भरणार कधी?’

मास्तरांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. कोरड्या बॅटरीत ॲसिड घातलं की ती लगेच जागी होते, बटण दाबलं तर इंजिनही फिरवते. म्हणून आपण फसतो. त्या वेळी ती साधारण तीन-चतुर्थांशच भरलेली असते. उरलेला भाग पहिल्या शांत, सावकाश चार्जिंगनं भरायचा असतो. गाडीवरची चार्जिंगची व्यवस्था खर्च झालेली वीज भरून काढण्यासाठी असते. पहिला चार्ज हे तिचं काम नव्हे. तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तर सेल्फला गेलेलंही धड परत येत नाही. पहिलाच चार्ज अपुरा राहिला, तर बॅटरीला पुढे आपली पूर्ण ताकद कधीच गाठता येत नाही. छापलेले पाच ॲम्पिअर-अवर, हातात येतात चार.

मग करायचं कसं? पाणी घालायच्या कोरड्या बॅटरीची कृती अशी. बाजूच्या नळीच्या तोंडावर एक बंद टोपी किंवा बंद नळीचा तुकडा असतो. तो आधी काढून फेकून द्या आणि तिथं सोबत आलेली उघडी नळी लावा. तो तुकडा तसाच राहिला तर चार्जिंगच्या वेळी तयार होणाऱ्या वायूला वाट मिळत नाही आणि डबा फुगतो, फुटतोही. मग सहाही बुचं काढून दुकानातलं तयार बॅटरी ॲसिड वरच्या रेषेपर्यंत भरायचं. घरी तीव्र ॲसिडात पाणी घालून मिश्रण करण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका. भरल्यावर अर्धा तास बॅटरी तशीच ठेवा. पट्ट्या ॲसिड पितात, पातळी उतरते. तेवढं ॲसिड पुन्हा घाला. ॲसिड घालायचं ते एवढंच, आयुष्यात एकदा. यापुढे फक्त डिस्टिल्ड वॉटर.

सीलबंद बॅटरीसोबत सहा कुप्यांची एक माळ येते. तिच्या तोंडावरचा पातळ पडदा टोचायचा नसतो. माळ उलटी करून बॅटरीच्या सहा भोकांवर सरळ दाबायची; पडदे आपोआप फुटतात. सहाही कुप्यांतून बुडबुडे येतात ना, ते पाहायचं. वीसेक मिनिटं माळ तशीच राहू द्यायची. सगळं ॲसिड उतरल्यावरही अर्धा-एक तास थांबायचं, मग चार्जिंग. सोबत आलेली झाकणाची पट्टी त्या बॅटरीच्या कागदावर सांगितलं असेल तेव्हा दोन्ही हातांनी दाबून पक्की बसवायची. एकदा बसली की ती पुन्हा कधीही उघडायची नाही.

आता चार्जिंग. नियम सोपा आहे: क्षमतेच्या एक-दशांश ॲम्पिअर. अडीचच्या बॅटरीला पाव ॲम्पिअर, पाचच्या बॅटरीला अर्धा, नऊच्या बॅटरीला ०.९. नव्या बॅटरीला पाच ते दहा तास. पूर्ण उतरलेल्या जुन्या बॅटरीला दहा ते चौदा, कारण आत घातलेली सगळी वीज साठत नाही, थोडी वाया जाते.

इथंच गावोगावची एक चूक होते. चार्जिंगच्या दुकानात ट्रॅक्टरच्या, जीपच्या, मोटारसायकलच्या बॅटऱ्या एका ओळीत जोडून ठेवतात. एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला. अशा जोडणीत सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो. ट्रॅक्टरच्या बॅटरीला पाच ॲम्पिअर म्हणजे काहीच नाही. आपल्या पाचच्या बॅटरीला मात्र तो दहापट डोस झाला. ती तापते, पट्ट्या वाकतात, त्यांवरचा लेप सुटून तळाशी साचतो. खणातून बुडबुडे येताना पाहून आपण खूश होतो, ‘कशी उकळतेय बघा!’ अहो, ती उकळत नसते. पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटत असतात. शेवटी शेवटी थोडे बुडबुडे येणं ठीक. पण हात ठेवता येणार नाही इतकी बॅटरी तापली तर चार्जिंग थांबवून तिला गार होऊ द्यायला हवं. दुकानदाराला स्पष्ट सांगा, ‘माझी बॅटरी ओळीत नको, वेगळी लावा, कमी ॲम्पिअरवर लावा, मी उद्या येतो.’ पाच-सहा जणांच्या गटानं मिळून दुचाकीसाठीचा छोटा, पूर्ण भरल्यावर स्वतः थांबणारा चार्जर घेतला तर उत्तमच.

चार्जिंग झालं की पाण्याची बॅटरी असेल तर पातळी पुन्हा पाहा. हायड्रोमीटरनं प्रत्येक खण तपासा, १.२६ ते १.२८ च्या आसपास आणि सहाही खण एकसारखे हवेत. सीलबंद असेल तर रात्रभर ठेवून सकाळी मीटर लावा. १२.७ च्या वर असेल तर पहिला दिवस चांगला गेला म्हणायचं.

बसवताना आधी पॉझिटिव्ह जोडायचा, मग निगेटिव्ह. काढताना आधी निगेटिव्ह. कारण गाडीची सगळी फ्रेम निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह सुटा असेल तर पाना चुकून फ्रेमला लागला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलला थोडं व्हॅसलिन लावा. वायूची नळी कुठं दबली नाही ना आणि तिचं तोंड चेनवर किंवा रंगावर येत नाही ना, ते पाहा. मग गाडी सुरू करून ॲक्सिलरेटर मध्यम ठेवा आणि मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. तेराच्या आतच अडकत असेल तर बॅटरी भरली जात नाही. पंधराकडे जात असेल तर ती भाजली जातेय. दोन्ही वेळी रेग्युलेटर आणि वायरिंग दाखवा, नाहीतर नव्या बॅटरीचीही तीच गत होणार.

पुढची निगा थोडक्यात. महिन्यातून एकदा पाण्याची पातळी. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. बोअरचं नाही, नळाचं नाही, बाटलीतलं मिनरल वॉटर नाही आणि घरच्या फिल्टरचंही नाही, कारण या सगळ्यांत क्षार असतात. टर्मिनलवर भुकटी आली तर खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी लावून पुसा. ते खणात मात्र जाऊ देऊ नका. रोजची फेरी लहान असेल तर आठवड्यातून एखादी मोठी चक्कर मारा. गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी महिन्याला एकदा चार्ज करा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या महिनोन् महिने उभ्या राहिल्या. त्या वेळी किती बॅटऱ्या बसल्या हे कुठल्याही मेकॅनिकला विचारा. जागेवर उभं राहून रोज एक मिनिट इंजिन सुरू करून बंद करणं हा उपाय नव्हे. त्यात बॅटरीतून जातं जास्त, येतं कमी.

आता दोन गोष्टी जिवाच्या. बॅटरी चार्ज होत असते तिथं हायड्रोजन असतो. देवघराजवळ, चुलीजवळ, बंद खोलीत चार्जिंग नको. विडी-सिगारेट तर नकोच. चिमटे काढण्याआधी चार्जरचं बटण बंद करा. आणि उरलेलं ॲसिड पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. घरात लहान मुलं असतात. उन्हातून आलेला मोठा माणूससुद्धा वास न घेता बाटली तोंडाला लावतो. ॲसिड डोळ्यांत उडालं तर डोळे न चोळता वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धुवायचे आणि तडक डॉक्टरांकडे जायचं.

शेवटचा मुद्दा जुन्या बॅटरीचा. तिच्यात शिसं आहे, म्हणून तिला भंगारात किंमत आहे, आणि शिसं आहे म्हणूनच ती विषारी आहे. उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं जातं, तिथली धूळ आणि धूर मातीत, पाण्यात, अंगणात उतरतो. शिशाचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वांत मोठं नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं आणि गरोदर बायकांच्या पोटातल्या बाळाचं होतं. आपल्याकडे याविषयी २००१ पासून नियम आहेत. २०२२ मध्ये त्यांच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नीट पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि बॅटरी साध्या कचऱ्यात न टाकता योग्य जागी देणं हे आपल्यावर. दारावर येणारा भंगारवाला चार पैसे जास्त देईलही. तरी जुनी बॅटरी ज्या दुकानातून नवी घेतली तिथंच द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. हेच शिसं कारखान्यात शुद्ध होऊन पुन्हा बॅटरीत जातं, आणि असं पुन्हा पुन्हा जाऊ शकतं.

बॅटरी विकत घेणं हे दहा मिनिटांचं काम आहे, ती तयार करणं एका दिवसाचं. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या घाईत तो दिवस काढणं जड जातं, हे मान्य. म्हणून बॅटरी पार कोलमडण्याची वाट पाहू नका. सकाळी सेल्फ जरा जड फिरू लागला, हॉर्नचा आवाज बसू लागला, की त्याच आठवड्यात सवडीचा दिवस ठरवा. सकाळी ॲसिड भरा, दिवसभर मंद चार्जिंग होऊ द्या, रात्री विसावा द्या आणि दुसऱ्या दिवशी बसवा. तोवर एक दिवस एसटीनं जा, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवर मागे बसा. तेवढी कळ काढलीत, तर त्या डब्यातून तुम्ही पैसे मोजलेली पूर्ण ताकद मिळेल.